हळू पळणाऱ्यांचे मंडळ

पहाटे गावच्या रस्त्यावर कोण पळते? पाहा बरे. तरणी पोरे पळतात. हल्ली मुलीही पळतात. कुणाला पोलिसात भरती व्हायचे असते, कुणाला सैन्यात जायचे असते. भरती झाली की पुष्कळांचे पळणे सुटते. भरती नाही झाली तरी सुटते. पुढे लग्न होते, संसार मागे लागतो. मग माणूस पळतो तो एस.टी. गाठायला!

चाळिशीचा माणूस पहाटे पळताना दिसला, तर लोक काय म्हणतात? "याच्या मागे कुत्रं लागलंय का?" साठीचा माणूस पळाला, तर विचारायलाच नको. "म्हाताऱ्याला चळ लागला," असे म्हणून मोकळे होतात.

फार लांबच्या एका देशात अशाच पोक्त माणसांनी पळायला सुरुवात केली. त्यांतल्या काहींचे पोट सुटले होते. काहींचे काळीज दुखावलेले होते. शर्यत जिंकायची नव्हती. बक्षीस नव्हते. तरी त्यांनी एक मंडळ काढले. ते मंडळ कसे निघाले, त्याची गोष्ट या धड्यात वाचू या.

लांबचा देश

त्या देशाचे नाव न्यूझीलंड. ऑस्ट्रेलिया खंडाच्या पूर्वेला, समुद्रात दोन मोठी बेटे आहेत. तोच हा देश. तिथे कुरणे पुष्कळ. मेंढ्या आणि दुभत्या गाई पुष्कळ. आपल्याकडे थंडी असते तेव्हा तिथे उन्हाळा असतो. त्या देशातल्या सर्वांत मोठ्या शहराचे नाव ऑकलंड. आपली गोष्ट त्या शहरातली आहे.

जोड्यांच्या कारखान्यातला कामगार

ऑकलंड शहरात १९१७ साली एक मुलगा जन्माला आला. त्याचे नाव आर्थर लिडियर्ड. तो मोठा झाला आणि जोड्यांच्या कारखान्यात कामाला लागला. सुट्टीच्या दिवशी तो रग्बी खेळे. रग्बी हा चेंडूचा अंगमेहनतीचा खेळ आहे. आर्थरला वाटे, आपण खेळतो म्हणजे आपण दणकट आहोत.

एकदा एका मित्राने त्याला पळायला नेले. मित्र वयाने त्याच्याहून मोठा होता. दोघे पाच मैल पळाले. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. मित्र मजेत पळत होता. आर्थरचा मात्र ऊर फुटायची वेळ आली. घसा सुकला. पायांत गोळे आले. तेव्हा तो सत्ताविशीच्या आसपास होता.

त्याने मनाशी विचार केला. आज ही गत, तर आणखी वीस वर्षांनी माझे काय होईल? हा प्रश्न त्याने सोडला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो पळू लागला.

किती पळावे? किती जोरात पळावे? हे सांगणारे कुणी नव्हते. जे सांगत होते, त्यांचे त्याला पटत नव्हते. मग त्याने आपल्याच अंगावर प्रयोग केले. कधी थोडे पळून पाहिले. कधी फार पळून पाहिले. फार पळाला की तो आजाऱ्यासारखा गळून जाई. जोरात पळाला की दुसऱ्या दिवशी अंग उठत नसे. अशी काही वर्षे गेली. हे सारे त्याने नोकरी सांभाळून केले. घरी बायको होती, मुले होती. एक वेळ अशी आली की कारखान्याचा पगार पुरेना. तेव्हा त्याने रात्रीचे दुधाचे रतीब घालायचे कामही धरले.

शेवटी त्याला एक गोष्ट उमगली. जोर पुढे लावावा. आधी दम कमवावा. आणि दम कमवायचा म्हणजे बेताने पळायचे, पण पुष्कळ वेळ पळायचे. पळताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल, तर आपण चुकतो आहोत. कष्ट घ्या, पण अंगावर ताण घेऊ नका. हे त्याचे मुख्य सांगणे झाले.

या रीतीने पळून १९५३ साली आणि पुन्हा १९५५ साली तो मॅरेथॉन शर्यतीत आपल्या देशात पहिला आला. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि १९५ मीटर पळायची शर्यत. कारखान्यात काम करणारा, रतीब घालणारा माणूस देशात पहिला आला!

रोममधली दुपार

आर्थरचे पाहून आसपासची काही पोरे त्याच्याबरोबर पळू लागली. तो त्यांना शिकवू लागला. तो काही मोठ्या शाळेत शिकलेला गुरू नव्हता. पोरांकडून तो पैसे घेत नसे. पोरांनाही पैसे मिळत नसत. सगळेच हौशी.

हौशी म्हणजे काय? जो पोटासाठी खेळत नाही, आवडीसाठी खेळतो, तो हौशी. पण या शब्दाला एक जुना इतिहास आहे. इंग्लंडमध्ये १८६६ साली धावपटूंची एक मोठी संस्था निघाली. तिने नियम केला की कामगार, कारागीर आणि मजूर हे हौशी नव्हेत. म्हणजे हातांनी काम करणाऱ्याला तिथे पळायला बंदी! शर्यत कुणाची? तर रिकामा वेळ असणाऱ्या साहेबलोकांची. तिथे १८८० साली नवी संस्था निघाली, तेव्हा हा नियम गेला. तो नियम टिकून राहिला असता, तर आर्थरसारख्या कामगाराला कुणी शर्यतीत उभे केले नसते.

आता १९६० साल आले. इटली देशातल्या रोम शहरात ऑलिंपिक सामने भरले. ऑलिंपिक म्हणजे साऱ्या जगाचे खेळ. तारीख होती २ सप्टेंबर. आर्थरचा शिष्य पीटर स्नेल ८०० मीटर पळाला. वय २१. त्याला फारसे कुणी ओळखत नव्हते. त्याने सोन्याचे पदक जिंकले. त्याच दुपारी आर्थरचा दुसरा शिष्य मरे हॉलबर्ग ५,००० मीटर पळाला. रग्बी खेळताना झालेल्या अपघाताने त्याचा डावा हात निकामी झाला होता. त्यानेही सोन्याचे पदक जिंकले. काही दिवसांनी तिसरा शिष्य बॅरी मॅगी मॅरेथॉनमध्ये तिसरा आला. त्या मॅरेथॉनमध्ये पहिला कोण आला, ठाऊक आहे? इथिओपिया देशाचा अबेबे बिकिला. तो अनवाणी पळाला होता!

छोट्या देशातल्या एका शहरातली ही पोरे. त्यांचा गुरू जोड्यांच्या कारखान्यातला. साऱ्या जगाने तोंडात बोट घातले.

मंडळ निघाले

आता खरी गोष्ट पुढेच आहे. पदके मिळाली ती तरण्या पोरांना. पण पोरांच्या बापांचे काय?

आर्थरला लोक भाषणाला बोलावू लागले. ऐकायला कोण येत? व्यापारी येत, कचेरीत काम करणारे येत. त्यांत काही जुने खेळाडू होते. तरुणपणी मैदान गाजवलेले. आता खुर्चीत बसून बसून पोट सुटले होते. जिना चढताना धाप लागे. काहींना हृदयविकाराचा झटकाही येऊन गेला होता.

त्या काळी हृदयविकाराच्या रोग्याला काय सांगत? पडून राहा. महिना-महिना खाटेवरून उठू नका. नंतरही जपून राहा. जिना चढू नका. ओझे उचलू नका. माणूस जगे, पण भीत भीत जगे. घरात असून घराच्या कामाचा नाही, असे त्याला होऊन जाई. हे दुखणे छातीतल्या दुखण्याहून थोडे नव्हते.

आर्थरचे म्हणणे वेगळे होते. काळीज हेसुद्धा स्नायूच आहे. हाताचा दंड कामाने घट्ट होतो, तसे काळीजही बेताच्या कामाने घट्ट होते. मात्र बेताने. आधी चाला. मग थोडे पळा. धाप लागू देऊ नका. पोरांना शिकवलेलीच ही रीत. फक्त अंतर कमी आणि वेग कमी.

कॉलिन के नावाचा एक व्यापारी होता. तोही जुना खेळाडू. पुढे १९८० ते १९८३ पर्यंत तो ऑकलंड शहराचा महापौर झाला. त्याला आर्थरचे म्हणणे पटले. त्याने ओळखीची माणसे गोळा केली. १९६२ साली 'ऑकलंड जॉगर्स क्लब' सुरू झाला. जॉगिंग म्हणजे दुडक्या चालीने, हळू पळणे. तशी पळणारी माणसे म्हणजे जॉगर्स. हळू पळणाऱ्यांचे हे पहिलेच मंडळ, असे मानतात.

पळणाऱ्यांची मंडळे याआधीही होती. इंग्लंडमध्ये तर १८६८ सालापासून होती. आर्थर स्वतः अशाच मंडळात पळायला शिकला. पण ती मंडळे शर्यतीची. तिथे पहिला कोण, दुसरा कोण, हे पाहत. मागे राहणाऱ्याला तिथे फारसा मान नसे. या नव्या मंडळाने उलटे केले. इथे पहिला नंबर नाही. इथे शेवटचा नंबरही नाही. एकत्र जमायचे, बोलत बोलत पळायचे आणि बरोबर परत यायचे.

अशा मंडळाला काय लागते? मैदान विकत घ्यावे लागत नाही. यंत्रे लागत नाहीत. रस्ता असतोच. पायही असतात. लागते ती सोबत. एकटा माणूस रविवारी सकाळी अंथरुणात लोळतो. पण कोपऱ्यावर चार माणसे आपली वाट पाहत आहेत, हे कळले की तो उठतो. एकट्याला लोकांच्या हसण्याची लाज वाटते. दहा जण असले की लाज दहा ठिकाणी वाटली जाते.

अमेरिकेचा पाहुणा

१९६२ सालच्या अखेरीस अमेरिकेतून एक पाहुणा आला. त्याचे नाव बिल बोवरमन. ओरेगॉन विद्यापीठात तो मुलांना पळायला शिकवत असे. नावाजलेला शिक्षक. वय ५१. आर्थरने त्याला रविवारी मंडळाबरोबर पळायला नेले.

बोवरमनला वाटले, आपण रोज थोडे चालतो, आपल्याला यात काय अवघड? थोडा वेळ ठीक गेले. मग टेकडी लागली. पाहुण्याला धाप लागली. मंडळी पुढे गेली. तेव्हा एक म्हातारा त्याच्यासाठी मागे थांबला. सत्तरी ओलांडलेला माणूस. त्याला हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते. तो पाहुण्याशी बोलत बोलत पळत राहिला. पाहुण्याला मात्र बोलायला श्वास पुरत नव्हता!

बोवरमनने त्याच दिवशी धडा घेतला. न्यूझीलंडमध्ये होता तोवर तो रोज पळला. वजन उतरले. कंबर आवळली. १९६३ साली घरी गेल्यावर त्याने आपल्या गावच्या लोकांना मैदानावर बोलावले. पहिल्या वेळी थोडे लोक आले. पुढच्या वेळी वाढले. काही आठवड्यांत एवढी गर्दी झाली की बोवरमन घाबरला. यांतला कुणी छातीत कळ येऊन पडला तर? त्याने लोकांना घरी पाठवले. मग हृदयरोगाच्या एका डॉक्टरला बरोबर घेतले. लहान लहान तुकड्या केल्या. कुणाला किती पळू द्यावे, हे तपासून पाहिले. मग १९६७ साली त्या दोघांचे 'जॉगिंग' नावाचे पुस्तक निघाले. त्याच्या लाखो प्रती खपल्या.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. उत्साह चांगला. पण उत्साहाबरोबर तपासणीही हवी. बोवरमन थांबला, हे त्याचे शहाणपण.

अशा रीतीने एका शहरातल्या मंडळाची चाल जगभर गेली. तो शब्द आपल्याकडेही आला. मुंबईला वांद्र्यात समुद्रकाठी 'जॉगर्स पार्क' नावाची बाग आहे. तिथे लोक चालायला आणि पळायला येतात.

आर्थर लिडियर्डने पुढे देशोदेशी जाऊन शिकवले. २००४ साली तो वारला. तेव्हा तो ८७ वर्षांचा होता आणि अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर होता.

काळजाचे काम

आता थोडे शरीराविषयी समजून घेऊ. काळीज म्हणजे हृदय. आपल्या मुठीएवढे असते. ते रक्त खेचते आणि अंगभर ढकलते. विहिरीवरच्या पंपासारखेच. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ७० वेळा ठोके देते. दिवसाचे सुमारे एक लाख ठोके झाले! मिनिटाला ते सुमारे पाच लिटर रक्त फिरवते. पंप रात्री बंद ठेवता येतो. हृदय बंद ठेवता येत नाही.

जो नियमाने चालतो किंवा पळतो, त्याचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते. मग स्वस्थ बसल्यावर त्याला कमी ठोके द्यावे लागतात. हृदयाला विसावा मिळतो.

हृदयालाही रक्त लागते. ते नेणारी नळी बुजली की झटका येतो. तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि बैठे जगणे यांनी तो धोका वाढतो. आता डॉक्टर झटक्यानंतर रोग्याला महिना-महिना पाडून ठेवत नाहीत. तब्येत पाहून काही दिवसांतच थोडे थोडे चालायला लावतात. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आम्हाला काय त्याचे?

कुणी म्हणेल, "आम्ही दिवसभर शेतात राबतो. आम्हाला पळायची काय गरज?" बरोबर आहे. ज्याला रोज खुरपणी, कापणी, ओझी वाहणे आहे, त्याला वेगळी मेहनत कशाला?

पण खरे सांगा, आता सगळेच तसे राबतात का? मोट गेली, पंप आला. नांगर गेला, ट्रॅक्टर आला. दोन शेतांपलीकडे जायचे तरी आपण मोटरसायकलला लाथ मारतो. दुकानात बसणारे आहेत. जीप हाकणारे आहेत. शिलाईच्या यंत्रावर वाकून बसणाऱ्या बाया आहेत. मधुमेह आणि रक्तदाब ही शहरातली दुखणी राहिली नाहीत. ती पाणंदीने गावात आली आहेत.

मोठ्या माणसाने आठवड्यात १५० मिनिटे तरी अंग हलवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. झपाझप चालले तरी चालते. पळलेच पाहिजे असे नाही.

सुरुवात कशी करावी? हे पाहा.

एक. चाळिशी उलटली असेल किंवा काही दुखणे असेल, तर आधी आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. डॉक्टरांना विचारा.

दोन. पहिले काही आठवडे फक्त चाला.

तीन. मग विजेचे खांब मोजा. एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत हळू पळा. त्यापुढचे दोन खांब चाला. सवय होईल तसे पळणे वाढवा.

चार. बोलून पाहा. बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. बोलता येत नसेल तर कमी करा.

पाच. छातीत कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा भलतीच धाप लागली तर लगेच थांबा. दवाखाना गाठा. अंगावर काढू नका.

सहा. सोबत घ्या. आणि जो सर्वांत हळू, त्याच्या चालीने सगळे चाला.

हा सहावा नियम सर्वांत महत्त्वाचा. मंडळ टिकते ते यानेच. पुढे पळणाऱ्याला मंडळाची फारशी गरज नसते. गरज असते ती मागे राहणाऱ्याला. टेकडीवर तो म्हातारा पाहुण्यासाठी थांबला. तो न थांबता, तर पाहुणा कदाचित मधूनच परत फिरला असता. मग पुढचे पुस्तक कुठले आणि जगभर पळणारी माणसे कुठली?

प्रश्न

१. मित्राबरोबर पाच मैल पळाल्यावर आर्थरच्या मनात कोणता प्रश्न आला?

२. पूर्वी हृदयविकाराच्या रोग्याला काय सांगत? आता काय सांगतात?

३. शर्यतीचे मंडळ आणि हळू पळणाऱ्यांचे मंडळ यांत फरक काय?

४. बोवरमनने गर्दीला घरी का पाठवले? तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केले असते?

५. आपल्या वस्तीत सकाळी चालायला कोण कोण येईल? पाच जणांची नावे लिहा. त्यांत घरातल्या एका बाईचे नाव असू द्या. मग ती नावे त्या पाच जणांना वाचून दाखवा.